गॅस येऊन सात वर्षं झाली तरी चूल सुटेना, आईला धाप लागूलीय, काय करावं?

म्हादईकाठ (खानापूर तालुका):

नमस्कार मंडळी. जरा लांब होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितोय.

आमचं गाव जांबोटीच्या पुढं. घर जुनं, मातीच्या भिंती, वर कवलं, मध्ये माळा. सैपाकघर एकदम मागं परड्याच्या बाजूला, त्याला एक दार आणि हातभर खिडकी, ती पण पावसाळ्यात पोतं लावून बंद करतो कारण झड आत येते, आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, एकदा लागला की चार चार दिवस उघडत नाही. गॅस आहे, उज्ज्वलाचा. पण त्याच्यावर फक्त चहा होतो आणि पाव्हणे आले तर पोहे. भाकरी, आमटी, भात, म्हशीचं आंबोण आणि पाच माणसांचं आंघोळीचं पाणी सगळं चुलीवर.

आई ५६ वर्षांची. आयुष्यात विडी नाही, मशेरी नाही. तीन वर्षं झाली पावसाळा लागला की खोकला सुरू होतो, आधी गणपतीपर्यंत जायचा, आता दिवाळी झाली तरी राहतो. परड्यातनं घागर आणताना दोन ठिकाणी थांबते. इकडं दरवेळी कफ सिरप आणि इंजेक्शन. मागच्या महिन्यात बेळगावला छातीच्या डॉक्टरकडं नेलं, त्यांनी नळीत जोरात फुंकायला लावलं, कागद बघितला आणि मला पहिलाच प्रश्न विचारला, घरात चूल आहे का. सीओपीडी म्हणाले, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या आकसतात तो फुप्फुसाचा आजार. मला वाटत होतं हा विडी ओढणाऱ्या माणसांचा आजार.

मी बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे. शनिवारी घरी गेलो तेव्हा सकाळी मुद्दाम आईशेजारी चुलीपुढं बसलो. ओलं जळण, ती फुंकणीनं फुंकते, धूर तोंडावर येतो, पदरानं डोळे पुसते, परत फुंकते. दहा मिनिटात माझा घसा धरला, आणि मी दिवसभर भट्टीजवळ असणारा माणूस. आम्हाला कामावर मास्क आहे, धूर ओढायला वर मोठा पंखा आहे. आई चाळीस वर्षं त्या खोलीत बसूलीय, तिला आम्ही काय दिलं? हे डोक्यातनं जाईना म्हणून इथं विचारतोय.

दुसरं म्हणजे बहिणीला सातवा लागलाय, बाळंतपणाला इकडंच येणार. आई आत्तापासून कोळसा साठवून ठेवूलीय, बाळंतिणीला शेकायला खाटेखाली ठेवतात त्या शेगडीसाठी. मला ते पण बरोबर वाटत नाही पण बोलायला गेलो की म्हणते तू पण असाच वाढलास.

तर धुराडं बसवू का, का एक्झॉस्ट फॅन पुरतो, का सरळ चूलच मोडून टाकू? कुणी केलं असेल तर सांगा.

---

निपाणीची लेक:

भाऊ, चूल मोडू नका. हात जोडून सांगते. माझ्या भावानं असंच केलं, आईनं आठ दिवसांनी गोठ्यात तीन दगड मांडले आणि तिथं सैपाक करायला लागली, घरातल्यापेक्षा जास्त धूर.

आधी बघा आई चुलीवर का बसते. चव म्हणेल, पण नुसती चव नसते ओ. आमच्या आईला सिलिंडर संपायची भीती. साडेआठशेच्या पुढं सिलिंडर, उज्ज्वलाला ३०० सबसिडी येते पण आधी पूर्ण पैसे हातात लागतात, आणि जळण तर शिवारात फुकट पडलंय. आमच्याकडं तंबाखूच्या काड्या, मक्याची बुरकुंडं, उसाचं पाचट काय म्हणाल ते चुलीत जातं. तंबाखूच्या काड्यांचा धूर तर असा, की लहान पोरं उलटी करायची. बाईला वाटतं फुकटचं सोडून पैसे का घालवायचे, आणि तिला कुणी विचारलेलंही नसतं की तुझ्या छातीची किंमत किती.

मी काय केलं सांगते. सिलिंडर संपायच्या आधी दुसरा भरून घरात आणून ठेवला, पैसे मी दिले, आणि आईला सांगितलं हा तुझा, संपला की लगेच दुसरा येणार. तीन महिने असं चाललं तेव्हा तिचा हात मोकळा झाला. आता आमटी भात गॅसवर होतो. भाकरी अजून चुलीवर, ते मी धरून बसले नाही.

---

परिचारिका_चिकोडी:

दादा, १८ वर्षं उपकेंद्रात काम करते, असल्या कितीतरी आया बघितल्या. आईचं आधी सांगते.

तुमच्या डॉक्टरांनी फुंकायची टेस्ट केली हे फार चांगलं झालं. आपल्याकडं बायकांचा खोकला म्हणजे कफ सिरप, पुढं कुणी जातच नाही, कारण विडी ओढत नाही म्हटल्यावर फुप्फुसाचा विचारच होत नाही. लाकूड, शेणी, पाचट जळतं तेव्हा त्यातनं इतके बारीक कण निघतात की ते नाकात अडकत नाहीत, सरळ फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की हवा खेळत नाही अशा घरात हे कण चालण्याजोग्या पातळीच्या १०० पट असू शकतात. घरातल्या धुरानं २०२० या एका वर्षात जगभरात ३२ लाख माणसं गेली असा त्यांचाच हिशोब आहे, त्यातली २ लाख ३७ हजारांहून जास्त पाच वर्षांखालची लेकरं. बायकांना दमा, सीओपीडी, मोतीबिंदू, फुप्फुसाचा कॅन्सर, आणि लेकरांना न्यूमोनिया. हृदयविकार आणि लकवा पण त्यातच.

गेलेलं फुप्फुस परत येत नाही हे खरं. पण धूर थांबला तर जी घसरण चाललीय ती हळू होते, आणि ५६ वय म्हणजे पुढं पुष्कळ वर्षं आहेत, त्यामुळं आता काय होणार असं म्हणू नका. पंप (तोंडानं औषध ओढायचा इनहेलर) दिला असेल तर तो आईला रोज घ्यायला लावा. "पंप लागला की सुटत नाही" हे सगळ्या गावात बोलतात, पण पंपाचं औषध थेट छातीत जातं म्हणून गोळीपेक्षा मात्रा कमी लागते, सवय लागत नाही. आईला दाबणं आणि ओढणं एका वेळी जमत नसेल तर डॉक्टरकडनं स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, मागून घ्या. पंप मारल्यावर पाण्यानं खळखळून चूळ भरायला सांगा, नाहीतर तोंड येतं.

आता शेगडी. हे मात्र मी जरा कडक बोलणार. निखारा धूर देत नाही म्हणून बायकांना वाटतं तो चांगला. पण बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. नुसतं डोकं जड होतं आणि झोप येते. बाळंतीण आधीच रक्त गेल्यानं अशक्त, त्यात दारं खिडक्या बंद, बाळाला वारा लागू नये म्हणून फटीत चिंध्या कोंबलेल्या. आमच्या भागात एका घरी सकाळी दार उघडलं तेव्हा बाळंतीण बेशुद्ध होती, वाचली कारण सासू लवकर उठली. बाळाला ओवा, वावडिंग, बाळंतशेपा घालून धुरी देतात ती पण तशीच, बाळाची छाती केवढीशी असते. शेक द्यायची हौस असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे, गॅसवर तव्यावर कापड गरम करून शेकता येतं, ते मी स्वतः बसून शिकवते. आईला तुम्ही सांगू नका, गावच्या आशाताईला घरी बोलवा आणि तिच्या तोंडनं सांगा. पोराचं ऐकत नाहीत त्या आशाचं ऐकतात.

आणि बहीण येईल तेव्हा तिला चुलीपुढं बसवू नका. पोटुशी बाई धुरात असली तर बाळाचं वजन कमी भरतं, बाळ मरूनच जन्मायचा धोकाही वाढतो.

---

सह्याद्री_७२:

माझी आज्जी ९१ वर्षं चुलीवर जेवली आणि ठणठणीत होती. धुरानं वाशाला कीड लागत नाही, माळ्यावरची बियाणाची कणसं टिकतात. आजकाल सगळंच वाईट म्हणायची पद्धत आहे.

---

परिचारिका_चिकोडी:

काका, वाशाला कीड लागत नाही हे खरंच आहे, माझ्या माहेरी पण कणसं चुलीवर टांगलेली असायची. पण जो धूर किडा जगू देत नाही तोच धूर बाई रोज तीन तास ओढते की ओ. आणि तुमच्या आज्जी दिसल्या कारण त्या जगल्या. त्यांच्याच वेळच्या किती बाया पन्नाशीत "धाप लागून" गेल्या, त्यांचं काय ते कुणी लिहून ठेवलं नाही. बियाणाला आता पत्र्याचे डबे आहेत, त्यात कडूलिंबाचा पाला घालून ठेवा.

---

गवंडीमामा_कुद्रेमानी:

पोरा, एक्झॉस्ट फॅननं काम भागत नाही. धूर आईच्या तोंडावरनं जाऊनच फॅनपर्यंत पोचतो आणि मग बाहेर पडतो. धूर जिथं निघतो तिथूनच उचलायला पाहिजे, म्हणजे धुराडंच. पंचवीस वर्षं बांधतोय, सांगतो तसं कर.

चुलीचं तोंड एकच ठेव, दुसरं भांडं वैलावर, म्हणजे चुलीला जोडलेल्या बाजूच्या चुलीवर, आणि वैलाच्या मागं भानवशीतनं, म्हणजे चुलीमागच्या कट्ट्यातनं, पाइप काढ. चार इंची पाइप घे, त्याच्याखाली नको, तीन इंची काजळीनं दोन महिन्यात भरतो. पाइप सरळ वर जाऊ दे, कोपर जितके कमी तितकी ओढ चांगली. कवलाच्या मेढ्यापेक्षा, म्हणजे घराचा जो सगळ्यात उंच कणा असतो त्याच्यापेक्षा, निदान दोन फूट वर गेला पाहिजे, नाहीतर खानापूरकडचा वारा तो धूर परत घरात ढकलतो आणि मग बाया म्हणतात धुराडं काय कामाचं नाही. वर टोपी. जिथं पाइप माळ्यातनं जातो तिथं लाकूड आणि पाइपात चांगलं वीतभर अंतर, माती लिंपून घे, जुन्या घरात तिथनंच आग लागते.

भांडं चुलीच्या तोंडावर गच्च बसलं पाहिजे. फट राहिली तर धूर तिथनं येणार, पाइपानं का जाईल. आणि जळण आत कोंबून भरू नको. मनगटाएवढं लाकूड उभं चिरून बोटाएवढं कर, पुढून थोडं थोडं सरकवत जा. जळण ओलं नको, पावसाळ्याचं जळण मे महिन्यातच फोडून पडवीत रचून ठेवायचं, माळ्यावर टाकलं की तिथं पण वाळतं.

महिन्यातनं एकदा पाइप झाडायचा. बांबूला पोत्याचा बोळा बांधून वरनं खाली. हे कोण करणार ते आधी ठरव, मगच बांध.

चूल पेटवायला दुधाची पिशवी आणि प्लास्टिक जाळायचं पहिलं बंद कर. आणि तुमच्याकडं काजूच्या फॅक्टऱ्या झाल्यात, तिथलं टरफल स्वस्त मिळतं म्हणून काही जण आणतात, ते घरात आणू नको, त्याच्या तेलाचा धूर छाती आणि डोळे जाळतो.

---

धारवाडचा_पोरगा:

गवंडीमामा एकदम मुद्द्याचं बोलले, "कोण झाडणार" हा. मी पर्यावरण शास्त्र शिकतोय. ८०च्या दशकात केंद्र सरकारनं निर्धूर चुलींची मोठी योजना काढली होती, देशभर कोट्यवधी चुली बांधल्या, २००२ मध्ये ती बंद झाली, कारण बऱ्याच चुली वर्षा दोन वर्षात पडून राहिल्या. ओडिशात नंतर घरोघरी चार वर्षं अभ्यास झाला, तिथं पण तेच, पहिल्या वर्षी बायकांच्या छातीतला धूर कमी झाला आणि मग चूल फुटली, धुराडं तुंबलं, कुणी दुरुस्त केलं नाही, आणि फायदा गेला. आपल्या कर्नाटकात बेंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अमूल्य रेड्डींनी १९७४ मध्ये अस्त्र नावाचं केंद्र सुरू केलं, खेड्याला उपयोगी तंत्र काढायला. तिथं तीन भांड्यांची अस्त्र ओले तयार झाली, धुराड्यासकट. कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल. साध्या तीन दगडांच्या चुलीत जळणातली १०-१५ टक्केच उष्णता भांड्याला लागते, बाकी सगळी हवेत, त्यामुळं नीट चुलीत जळण पण कमी लागतं, म्हणजे आईच्या डोक्यावरचा भारा कमी.

आंघोळीच्या पाण्याचं मात्र वेगळं काढा. तुमच्याकडं बघा, पाच माणसांचं पाणी म्हणजे रोज तास दीड तास चूल फक्त पाण्यासाठी. ही चूल सैपाकघरात का? तिला भाकरीची चव लागत नाही. तीच आधी बाहेर काढा.

करंटवर करणार असाल तर हिशोब करून करा. रॉड घातला तर २० लिटरची बादली कोमट नाही, चांगली गरम करायला पाऊण युनिट जातं. पाच बादल्या म्हणजे महिन्याला ११०-१२० युनिट. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिट फुकट असं सगळे म्हणतात, पण फुकट म्हणजे तुमचा २०२२-२३ चा जो सरासरी वापर होता त्याच्यावर १० टक्के, आणि ज्यांची सरासरी ४८ युनिटच्या आत होती त्यांना वर १० युनिट. त्याच्या वरचं बिल येतं, २०० ओलांडलं तर सगळंच बिल. गावाकडच्या घराची सरासरी ४०-५० असते, त्यामुळं रॉड लावला की बिल आलं म्हणून आई परत चूल पेटवणार.

गॅस गीझर घेतलात तर तो न्हाणीच्या आत अजिबात लावू नका. वर नर्सताईंनी सांगितला तोच वायू, दार लावून आंघोळ करताना माणूस आतल्या आत पडतो. बाहेरच्या भिंतीला लावा.

---

म्हादईकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. निपाणीच्या ताई, तुम्ही लिहिलेलं वाचून आईला विचारलं, सिलिंडर संपेल म्हणून घाबरतेस का. आधी नाही म्हणाली. रात्री जेवताना स्वतःच म्हणाली, "तुझ्या बापाच्या आजारपणात सिलिंडर दोन महिने रिकामा होता, तेव्हा चूल होती म्हणून घर चाललं." हे मला माहीतच नव्हतं.

गोबरगॅसचं कुणी सांगेल का? दोन म्हशी आणि एक गाय आहे.

---

शिरसीचा_जावई:

माझी सासुरवाडी शिरसीकडं, तिकडं गोबरगॅस पुष्कळ घरात आहे आणि पिढ्यान् पिढ्या चालतोय, म्हणून सांगतो. पाच सहा माणसांचा सैपाक व्हायला दोन घनमीटरचा प्लांट लागतो, त्याला रोज ५० किलोच्या आसपास शेण आणि तेवढंच पाणी. तुमच्या तीन जनावरांचं गोठ्यात बांधून ४० किलो निघेल, पण दिवसभर रानात चरायला सोडत असाल तर निम्मं शेण रानातच पडतं. तुम्हाला एक घनमीटरचा चालेल, २५ किलोत भागतं, एका वेळचा सैपाक होतो. दीनबंधू डिझाइन बघा, विटांचा घुमट जमिनीखाली असतो, गंजणारा ड्रम नाही, १९८४ पासून आहे. थंडीत आणि पावसात गॅस कमी येतो हे धरून चाला. प्लांटमधनं शेणाची जी मळी बाहेर पडते ती भाताच्या शेताला घाला. पण रोज सकाळी शेण कालवायचं काम परत आईवरच येणार असेल तर आधी ते बघा, छाती अशी असताना पन्नास पावलं बादल्या वाहणं बरोबर नाही.

---

म्हादईकाठ:

सव्वा महिन्यानं लिहितोय, राहवलं नाही म्हणून.

गोबरगॅस पुढच्या उन्हाळ्यात बघू. पाण्याची चूल बाहेर काढली. बेळगावातनं जुना तांब्याचा बंब आणला, आज्जीच्या वेळचा असायचा तसलाच, मधल्या नळीत जळण आणि भोवती पाणी. परड्याच्या भिंतीला पत्र्याचं छप्पर करून तिथं ठेवला. पहिल्या दिवशी आई म्हणाली माझ्या सासूकडं असाच होता, आणि राखेनं घासत बसली. पूर्वी जेवढं जळण लागायचं त्याच्या निम्म्यात पाणी तापतं, पेटवायचं काम माझ्या धाकट्या भावाकडं दिलंय.

आमटी भात गॅसवर. दुसरा सिलिंडर भरून सोप्यात ठेवलाय, येता जाता आई त्याला हात लावून बघते. भाकरी संध्याकाळी चुलीवरच, पण धुराडं बसलंय, आणि खिडकीचं पोतं काढून बाहेरनं पत्रा मारला, झड येत नाही. आशाताई दोनदा येऊन गेल्या. कोळशाचं पोतं आईनं स्वतः शेजारच्या लोहाराला देऊन टाकलं.

पंप दोन वेळा घेते. खोकला आहे अजून, पाऊस पण पडूलाय. पण काल घागर आणताना एकदाच थांबली, मी दारातनं मोजत होतो.

मामा, एक अडचण. धुराड्याच्या जोडावरनं काळं चिकट पाणी भानवशीवर गळतंय, भिंत खराब होऊलीय. टोपी लावलेली आहे, तरी गळतं.

---

गवंडीमामा_कुद्रेमानी:

पाइप उलटा बसवलाय कुणीतरी. वरच्या पाइपाचं टोक खालच्या पाइपाच्या आत गेलं पाहिजे, तुमच्यात वरचा पाइप बाहेरनं चढवलाय. धुराचं पाणी आतनं उतरतं, जोड असा असला की बाहेर येणारच. उघडून फिरवून बसव, जोडाला माती आणि शेण कालवून लिंप. आणि गळतंय ते काळं म्हणजे जळण ओलं आहे. बंबाजवळचं वाळलेलं जळण आत भाकरीला वापर, ओलं बाहेर बंबाला.